गेलं काहीच नाही, तू आणत नाहीस

काऊन रे, पुन्हा तेच रडगाणं? "सर, नवीन विंडोज मारली आणि सगळं गेलं." काय गेलं? जळगाव जामोदहून खामगावपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणलेली ही हार्डडिस्क कुणाची? तिच्यावर 'बॅकअप' अशी चिठ्ठी कुणी चिकटवली? तूच ना? मग फाइली कुठे गेल्या? चरायला गेली ती तुझी अक्कल.

फॉरमॅट मारण्याआधी सगळं उतरवून ठेवलंस. शहाण्यासारखं केलंस. म्हणून तर डोकं फिरतं. एखाद्या अडाण्याने घोळ घातला असता तर मी मुकाट्याने निस्तरून दिला असता. तू एमएस-सीआयटी झालेला. अर्ध्या गावाचे पीकविम्याचे अर्ज तू भरतोस. शेवटच्या तारखेला येणाऱ्यांवर डाफरतोस. आणि स्वतःच्या फाइली परत घ्यायला तुला मुहूर्त मिळत नाही? तुमच्याच तालुक्यात, भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला घट मांडून पीकपाण्याचं भाकीत करतात. तुझी हार्डडिस्क किती दिवस टिकेल, हे तिथे कुणी सांगत नाही बाबा.

एक गोष्ट नीट ऐक. कॉम्प्युटरवरचं मूळ तू पुसलंस. त्या क्षणापासून ही डिस्क बॅकअप राहिली नाही. ती एकुलती एक प्रत झाली. आणि ती तू कुठे ठेवलीस? फडताळावर, रुमालात गुंडाळून! एकदा हातातून पडली की संपलं. तेव्हा मात्र "गेलं" म्हण, मी ऐकून घेईन.

"वेळच मिळाला नाही सर." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे कितीतरी आधी जाहीर होतं. तरी तू शेवटच्या आठवड्यात धावलास. नवीन विंडोज चढल्यावर पहिल्या दिवशी काय केलंस? वॉलपेपर बदललास. त्याला बरा वेळ मिळाला?

"फोल्डर उघडत नाही, परवानगी नाही म्हणतं." म्हणणारच! फोल्डर जुन्या विंडोजमधल्या खात्याच्या नावावर आहे. नव्या खात्याला तू तेच नाव दिलंस म्हणून ते खातं जुनं होत नाही. समोर 'कंटिन्यू' लिहिलेलं बटण होतं. वाचलंस? की खिडकी दिसली रे दिसली, कोपऱ्यातली फुली दाबलीस?

"मराठी फाइली खराब झाल्या." दाखव. हा बघ, फेरफाराचा अर्ज. सगळी इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस आणि स्वल्पविराम. खराब काय झालं यात? तू टाइप केलंस कृतिदेवमध्ये. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट टाकलाच नाहीस. फॉन्ट टाक, अर्ज जसाच्या तसा समोर येईल. आणि फाइल खराब समजून डिलीट मारत सुटला होतास! किती मारल्यास?

"महत्त्वाचं सगळं डिजिलॉकरमध्ये आहे." आधार मिळेल, मार्कशीट मिळेल. बहिणीच्या लग्नाचे फोटो काय सरकार देणार आहे?

तुझा धाकटा भाऊ तर तुझाही गुरू. त्याने फॉरमॅट न मारताच विंडोज चढवली. त्याचं जुनं सामान सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये, आतल्या 'यूजर्स' फोल्डरात पडलंय. ते काही दिवसांनी विंडोज स्वतःच झाडून टाकते. त्याला आजच सांग. आणि तो म्हणतो ना, डी ड्राइव्हवर कॉपी आहे? डी ड्राइव्ह कुठे आहे? त्याच डिस्कवर! डिस्क बसली की सी बुडाला, डीही बुडाला.

हे काय तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. परीक्षेत हेच लिहून मार्क घेतलेस. लोकांना हेच शिकवतोस. अज्ञानाला औषध असतं. आळसाला नसतं. आणि आळसाला तू 'टेक्निकल प्रॉब्लेम' असं गोंडस नाव दिलंस. मला फसवलंस तर चालेल, स्वतःला कशाला फसवतोस?

बस इथे. केबल लाव. कॉपी कर; कट नको, लाईट गेली तर निस्तरत बसशील. मोठं फोल्डर एकदम ओढू नकोस. आधी कागदपत्रं, मग फोटो, सिनेमे सगळ्यांत शेवटी. कॉपी झाली म्हणून उठू नकोस. प्रत्येक फोल्डरातल्या दोन-चार फाइली उघडून बघ. उघडलेली फाइल खरी, आकड्यात दिसणारे जीबी नव्हेत. मग एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घे आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेव.

आणि "करतो सर" म्हणू नकोस. करतो म्हणणारे माझ्याकडे रांगेने येतात. मला केलं म्हणणारा पाहिजे.