खालून बघितलेली गाडी

शिरवण्यात लोखंड टिकत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असायचं. विळा वापरून झाला की पुसून, तेलाचं बोट फिरवून आढ्याला खोचायचा. खिडकीचे गज मधे जाड आणि खाली, जिथे चौकटीत घुसतात तिथे, काडीसारखे बारीक झालेले असत. मिठागरात मीठ ओढायची अवजारं लाकडाची, कारण लोखंडाचं फावडं तिथे नेलं तर त्याची थोड्याच दिवसांत जाळी व्हायची. गंज कुठे धरतो हेसुद्धा कुणी शिकवावं लागत नव्हतं. जिथे ओल बसून राहते आणि जिथे हात पोचत नाही, तिथे.

पुढे १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, खाचरं गेली, मिठागरं गेली. खाडी मात्र जागच्या जागी राहिली आणि तिचा वाराही. १९७३ साली वाशीच्या खाडीवर पूल झाला तेव्हा जुनी माणसं तो बघायला गेली होती म्हणतात. एवढा मोठा पूल, पण त्याच्या काँक्रीटच्या पोटातल्या पोलादी तारांनाही गंज लागला. दुरुस्त्या झाल्या, आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभा राहिला. इंजिनीअर लोकांना त्याचं नवल वाटलं असेल. आमच्या आजीला वाटलं नसतं.

गावात गाड्या आल्या त्या साडेबारा टक्क्यांच्या पैशाबरोबर. जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळाला, भूखंडाचे पैसे झाले, आणि दारात मोठी गाडी आली. १९९४ ला सुमो आली होती, २००० साली क्वालिस आणि बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ. छोटी गाडी कुणाला नको होती. आगऱ्याचं घर म्हणजे लग्नाला दहा माणसं एका गाडीत जाणार, मागे हळदीची भांडी, वर टपावर केळीचे खुंट. शिवाय ज्याची शेती गेली त्याला दारात काहीतरी मोठं उभं असलेलं बरं वाटतं. बैल नाहीत तर नाहीत.

या गाड्या कशा बांधलेल्या असतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यांचं वरचं अंग वेगळं आणि खालचा सांगाडा वेगळा. सांगाडा शिडीसारखा: पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. याला गॅरेजात चासी म्हणतात. इंजिन या शिडीवर, माणसं या शिडीवर, आणि चाकं तिला खालून टांगलेली. मागच्या चाकांचे कमानीचे पाटे ज्या कानांना अडकवलेले असतात, ते कान या शिडीला रिव्हेटने किंवा वेल्डिंगने जोडलेले. खड्ड्यात चाक आदळलं की तो सगळा मार आधी त्या दोन-चार कानांवर येतो.

आता ही शिडीची पट्टी बऱ्याच ठिकाणी पेटीसारखी बंद असते, आतून पोकळ. पाणी जायला तिला भोकं ठेवलेली असतात. ती भोकं चिखलाने बुजली की आत ओल राहते, आणि त्यात मीठ असेल तर विचारायलाच नको. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो पापुद्रे काढत फुगतो, आणि आतून बाहेर येतो. बाहेर एवढासा फोड दिसतो तेव्हा आतली भिंत कागदाएवढी राहिलेली असते. वरून गाडी धुतलेली, पॉलिश केलेली, काचेवर देवाचं नाव. दारं लावताना जरा जोर लागतो, स्पीडब्रेकरवर मागून कट्ट असा आवाज येतो, उभी असली की एका अंगाला झुकल्यासारखी वाटते. एवढंच. मग एखाद्या दिवशी पाट्याचा कान चासीतून फाटून निघतो, मागचा अ‍ॅक्सल तिरका होतो, आणि स्टिअरिंग हातात सरळ धरलेलं असताना गाडी भलतीकडे जाते.

माझ्या चुलत्यांकडे, नानांकडे, २००३ सालची अशी एक आठ सीटांची गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडीने पंधरा वर्षं इमानाने काम केलं आणि तिला जे झालं ते आम्ही तिला करायला लावलं. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळीच्या पाट्या तिच्यातून यायच्या, बर्फाचं खारं पाणी मागच्या पत्र्यावरून खाली गळत. पोरांनी ती नागावच्या वाळूत लाटेपर्यंत नेली होती. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला त्या पावसात, ती रात्रभर दरवाजाच्या हँडलपर्यंत पाण्यात होती. नंतर सीटा काढून वाळवल्या, इंजिन धुतलं, तेल बदललं. चासीच्या आत कोण बघतो?

२०१८ साली गाडीला पंधरा वर्षं भरली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. नानांनी ठरवलं, वाढवून घेऊन विकून टाकायची. महामार्गापलीकडे एमआयडीसीत त्यांचा नेहमीचा मेस्त्री, पाटणकडचा माणूस. त्याने गाडी उचलली, खाली शिरला आणि हातोडीने चासी वाजवत मागे गेला. पुढे ठण्ण ठण्ण वाजत होतं. मागच्या चाकापाशी आवाज बदलला, ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. त्याने पेचकस टेकवला आणि जरा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

अशा वेळी धंद्यात काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गंज वरवर खरवडायचा, पत्र्याची पट्टी मारायची आणि खालून सगळीकडे डांबरासारखा काळा रंग फासायचा. गाडी खालून नवीन दिसते. आत ओल कोंडून गंज उलट जोरात चालतो, आणि पट्टीच्या कडेला, जिथे वेल्डिंगच्या तापाने आधीच अशक्त लोखंड आणखी अशक्त झालेलं असतं, तिथे फाटतं. चांगल्या लोखंडापर्यंत कापून जाड तुकडा बसवणारे कारागीर आहेत, पण त्याचा खर्च तेव्हा गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता.

मेस्त्री म्हणाला, "नाना, गिऱ्हाईक आलं तर मी काय सांगाय जायाचो न्हाई. माझं त्ये काम न्हाई. पर ह्यो काळा रंग माझ्या हातनं मारणार न्हाई."

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. एक माणूस म्हणतो, मी गप्प राहीन पण झाकणार नाही. ही रेघ कुठल्या पुस्तकातून त्याने घेतली नव्हती, पण ती पुस्तकात आहे. आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशाला म्हणायचं ते दिलंय. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक. नुसतं गप्प राहणं ही मात्र साधारणपणे नाही. उदाहरणही आहे, घोड्याचं: एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत, पण तो काही बोलला नाही. फसवणूक नाही. घेणाऱ्याने बघून घ्यायचं होतं.

चुलतभावाला मी हे सांगितलं आणि पस्तावलो नाही, पण तो खूश झाला. "बघ! कायदाच बोलतंय. त्यानी इचारला नाय, आपुन सांगला नाय. वीस मानसा बघून जातान, हातोरी आनायला कोनी नको बोल्लंय?" त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पंधरा वर्षांची गाडी घेणाऱ्याला ती पंधरा वर्षांची आहे हे माहीत असतं. भाव त्यामुळेच कमी असतो. विकणाऱ्याने स्वतःच आपल्या मालाची कुंडली वाचायची असेल तर बाजार कसा चालेल?

पण कायदा तिथे थांबत नाही, आणि ते मी त्याला सांगितलं. त्याच घोड्याची पुढची उदाहरणं आहेत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच त्याने खोट सांगायला हवी. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजतो", तर मग गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

म्हणजे प्रश्न गंजाचा राहत नाही, समोरचा आपला कोण, याचा होतो. जुन्या शिरवण्यात हा प्रश्न फारसा पडत नसावा. गावात बैल विकला तर तो रोज डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या नांगराला दिसणार. होडी विकली आणि फळीला आतून किडा असला तर बुडणारा आपल्याच आळीतला. खोट सांगावी लागे, कारण नाहीतर ती आपोआप कळायची आणि मग सात पिढ्या ऐकायला लागायची. ही सगळी पुण्याई होती असं मी म्हणणार नाही. तेच लोक लांबच्या बाजारात अडेल बैल खपवून हसत घरी आल्याच्या गोष्टीही मी ऐकल्या आहेत. आता गाव शहराच्या पोटात गेलं आणि प्रत्येक गिऱ्हाईक लांबच्या बाजारातलं झालं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तिथल्या गाड्यांच्या चासी आमच्यासारख्याच खालून कुजतात. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या मालकांनी कोर्टात दावा लावला. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण २०१६ साली सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी तडजोड केली. चासीला १० मिलिमीटरचं आरपार भोक असेल तर चासी बदलून द्यायची. साधारण करंगळी जाईल एवढं भोक. आमच्या मेस्त्रीच्या पेचकसाचं माप जवळपास तेच. तिथे मापाला कोर्ट होतं, इथे हातोडीचा आवाज ऐकलेली तीन माणसं.

गिऱ्हाईक आलं ते आळेफाट्याच्या बाजूचं, पंचविशीतलं पोरगं. टोमॅटोच्या हंगामात माल, बाकी वेळेस शाळेची मुलं ने-आण करणार म्हणाला. बरोबर कुणी जाणकार नव्हता. गाडीभोवती दोनदा फिरला, इंजिन ऐकलं आणि नानांना म्हणाला, "काका, मला यातलं फार कळत नाही. तुम्ही सांगाल ते."

काका. आपल्या भाषेत अनोळखी माणसाला हाक मारायची तर बहुतेकदा नातंच लावलं जातं. चुलतभाऊ नंतर म्हणाला, रिक्षावालाही मला काका म्हणतो, म्हणून काय मी त्याला वाटणी देऊ? खरं आहे. पण "तुम्ही सांगाल ते" हे रिक्षावाला म्हणत नाही. ते १८७२ मधल्या घोड्याच्या गिऱ्हाइकाचं वाक्य होतं, जवळजवळ जसंच्या तसं.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी पोराला खाली वाकायला लावलं आणि पेचकस त्याच्या हातात दिला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पोरगं उठलं, हात पुसले आणि म्हणालं, "चालेल काका, मी पट्ट्या मारून घेतो. तीस हजार कमी करा." चुलतभावाचा चेहरा उजळला. सांगून झालं, त्याने बघितलं, त्याला चालतंय. आता कायद्याचं काय, देवाचंही काही म्हणणं असायचं कारण नव्हतं.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण घोडा आणि ही गाडी यात एक फरक आहे. घोडा खोटा निघाला तर तोटा घेणाऱ्याचा. या गाडीत मागच्या दोन बाकांवर जी मुलं बसणार होती, त्यांच्याशी कुणी सौदा केला नव्हता. त्यांना पेचकस कुणी दाखवला नव्हता. माळशेज घाटात वळणावर समोरून येणाऱ्या एसटीलाही नाही. खरं सांगितल्याने नाना आणि ते पोरगं यांच्यातला हिशेब चुकता होतो. तिसऱ्याच्या जिवावरची सूट तीस हजारांत देण्याचा हक्क त्या दोघांपैकी कुणाला होता? "त्याला माहीत आहे" हे उत्तर ज्याला माहीत आहे त्याच्यापुरतंच पुरतं. पोराचीही बाजू होती. चांगली गाडी घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि पोट थांबत नाही. आपल्या घरची मुलं आपण चांगल्या गाडीतून शाळेला पाठवायची आणि त्याला शहाणपण सांगायचं, हे मलाच बोचत होतं.

नानांनी तीन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी पोराला फोन करून नाही म्हणाले, विसार परत केला आणि वर येण्याजाण्याचं भाडं दिलं. घरात त्यावरून आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. चुलतभाऊ आजही म्हणतो, त्या पोराने तेवढ्याच पैशात दुसरीकडून तशीच सडकी गाडी घेतली असणार, वर काळा रंग मारलेली. आपण फक्त आपले पैसे घालवले. असेलही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, नानांकडेही नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "त्याची त्याला. ही गारी माजी हाय."

आरसी रद्द करून गाडी भंगारात दिली. इंजिन, टायर आणि काचा वेगळ्या गेल्या. चासी गॅस कटरने कापताना मागच्या पट्टीतून वाळलेला चिखल बदाबदा खाली पडला, घमेलंभर तरी असेल, त्यात तांदळाएवढे शिंपले. बहुतेक २००५ चा. भंगारवाल्याने तो पायाने बाजूला सारला आणि काट्यावर वजन करताना आत अजून राहिला असेल म्हणून पाच किलो वजा धरले. चुलतभाऊ त्या पाच किलोंसाठी त्याच्याशी अर्धा तास भांडला.