खुंट्यावरचा दुसरा हात

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीची. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके काठाला ठेवून नदी परभणीत शिरते आणि गंगाखेडला, जनाबाईच्या गावी पोचते. घनसावंगी तालुक्यातल्याच जांबेत १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांनी दासबोध लिहिला तो ओवीत. पण ओवी मुळात बायकांची, कांडण-दळणाची. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वर आणि समर्थ नंतरचे. उसनवारी कुणी कुणाकडून केली, हे सांगायला नको.

दासबोध म्हणजे गुरुशिष्यांचा संवाद. एक सांगणार, दुसरा शंका विचारणार. जात्यापाशी मात्र गुरू कुणीच नसतो. जावा-जावा किंवा सासू-सून पहाटे समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात ज्वारीची वैरण घालायची, ओवीची पहिली ओळ उचलायची. दुसरीने ती झेलून पुढे न्यायची. श्वास पुरला नाही तर दुसरीचा असतोच. घरात दिवसा ज्यांचं पटत नाही, त्यांचंही या वेळी जमतं. जमवावंच लागतं, कारण एकीने हात सैल सोडला की सगळा भार दुसरीच्या खांद्यावर येतो.

मग ही ओवी कुणासाठी? विठ्ठलासाठी, की समोरच्या बाईसाठी?

कबीराने फिरतं जातं पाहिलं आणि त्याला रडू आलं: दोन दगडांत सापडलेला दाणा काही साबूत राहत नाही. यावर त्याच्या मुलाने, कमालने, मधल्या खिळीला चिकटलेला दाणा वाचतो असं उत्तर दिलं म्हणतात. बापलेक दोघेही दाण्याकडे बघत होते. दळणारीकडे कुणी पाहिलं नाही! जातं बाहेरून बघणाऱ्याला मरण दिसतं. जात्यावर बसणारीला आधी दळण दिसतं, मग सोबतीण.

जनाबाईची कथा इथेच वेगळी पडते. नामदेवाच्या घरची ही दासी, जात्याशी एकटी. तिच्या विठ्ठलाने तिला काय दिलं? जातं थांबवलं नाही, दळण कमी केलं नाही. तो समोर येऊन बसला आणि त्याने खुंटा धरला. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं आजही दाखवतात. अद्वैत म्हणजे दोनाचं एक होणं, असं पोथी सांगते. जनाबाईला एक व्हायचं नव्हतं. एकटी तर ती होतीच. तिला दुसरं कुणीतरी हवं होतं.

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले. त्याबद्दल हळहळ करणाऱ्याने आधी पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण गिरणीच्या रांगेत ओवी सुचत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून काम उभं करून हजाराहून अधिक गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात गाणाऱ्या बायकांच्या नावांसह ऐकायला मिळतात.

मराठवाड्यात जातं आता बहुतेक लग्नातच निघतं. खुंट्याला हळदकुंकू लागतं, सुवासिनी हळकुंडं दळायला बसतात. पहिली ओळ एखादी म्हातारी काढते आणि समोरची नवी सून ती कशी झेलायची म्हणून तिच्या ओठांकडे बघत राहते.