नरभक्षक वृक्षाचा अपराध

लोणारचे खारे सरोवर उल्कापाताने झाले हे ठाऊक असूनही, दैत्यसूदनाच्या देवळात शिरताच आम्हांस लवणासुर आठवतो. एवढ्या विवरास कोणी कर्ता हवा, आणि तो दुष्ट असला म्हणजे मन निवते. त्या असुराने कोणा जिवंत माणसास कलंक लागला नाही. सर्वच कल्पितांविषयी असे म्हणता येत नाही. १८७४ साली 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राने मादागास्करमधील नरभक्षक वृक्षाची हकीकत छापली. वृक्ष खोटा, त्यास स्त्रीचा बळी देणारी जमातही खोटी. तरी १९२४ साली चेस ऑसबॉर्न या अमेरिकन गृहस्थांनी त्या बेटावरील आपल्या ग्रंथाच्या नावातच तो वृक्ष गोवला.

खरी मांसाहारी वनस्पती पाहावयाची तर साताऱ्याजवळील कासच्या पठारावर जावे. तेथे 'सीतेची आसवे' हे जांभळे फूल ज्या रोपास येते, ते ओल्या मातीतील इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून पचविते. निकस जमिनीत नत्र मिळविण्याचा त्याचा तो उपाय. जेथे इच्छा नाही तेथे अपराध कसला? कल्पित वृक्षही तितकाच निर्दोष होता. क्रौर्य चिकटविले गेले ते बळी देणाऱ्यांस, आणि वाचकांना तेच रुचले. आम्हीही बालपणी ती गोष्ट वाचून भ्यालो होतो. पण वृक्षास नव्हे, मादागास्करच्या माणसांस.