मांडव्याचे मौन आणि न्यायासन

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा न्यायासनावर बसणाऱ्या प्रत्येकाने मनन करावी अशी आहे. मौनव्रत धारण करून आश्रमाच्या दारी उभ्या असलेल्या या तपस्व्याला राजाच्या शिपायांनी चोरांचा ठावठिकाणा विचारला, तो बोलला नाही, चोर आणि मुद्देमाल आश्रमातच सापडले, आणि त्याचे न बोलणे हाच कबुलीजबाब मानून राजाने त्याला चोरांबरोबर सुळावर चढवले. पुरावा राजाजवळ होता. समोरच्या मौनाचा अर्थ आपणांस कळलेला नाही, एवढी नम्रता मात्र त्याच्याजवळ नव्हती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात हा प्रश्न पुराणापुरता उरत नाही. एटापल्ली-भामरागडकडचा, ज्याचे सुखदुःख माडिया भाषेतच उमटते असा आरोपी जेव्हा पिंजऱ्यात उभा राहतो आणि फिर्याद, पंचनामा, दोषारोप व साक्षी हे सारे त्याच्या डोक्यावरून मराठीत वा इंग्रजीत निघून जाते, तेव्हा त्याचा देह हजर असतो, माणूस हजर असतो असे म्हणवत नाही. अटकेपासून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे राज्यघटनेचे 22 वे कलम सांगते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर होऊ नये, असे 20 वे सांगते. साक्ष त्याला समजेल अशा भाषेत खुल्या न्यायालयात समजावून द्यावी, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 279 व्या कलमाने सांगितले आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही तो नियम राखला. या तरतुदींचे तात्पर्य एकच: माणूस बोलू शकेपर्यंत त्याच्या मौनावर न्यायासनाने आपला अर्थ लादू नये.

परंतु मौन केवळ आरोपीचेच असते काय? 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत व प्रतिकार दिसत नाही या आधारे, पुन्हा निर्दोष ठरवले. संशयाचा फायदा हा आरोपीचा हक्कच आहे आणि तो पोलिसालाही मिळाला पाहिजे. पण भयाने दबलेल्या मुलीच्या निःशब्दतेला संमती म्हणणे ही मांडव्याला सुळावर देणाऱ्या राजाचीच चूक होती. 1979 मध्ये विधिशास्त्राच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला.

राजाला चूक उमगल्यावर त्याने क्षमा मागितली, तरी सूळ पुरता निघाला नाही. त्याचा तुकडा देहात वागवीतच ऋषी फिरला. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यासह सहा जणांना शिक्षा दिली आणि 5 मार्च 2024 रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष मुक्त केले. परंतु त्यांतील एक आदिवासी तरुण ऑगस्ट 2022 मध्येच कैदेत असताना मरण पावला होता. उशिराच्या न्यायाला जे परत देता येत नाही, ते हेच.

कथेचा शेवट याहून गंभीर आहे. बालपणी कीटकांना काडीने टोचल्याचे हे फळ, असे धर्मदेवतेने सांगताच मांडव्याने अल्प अपराधाला एवढा मोठा दंड दिल्याबद्दल प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला, त्याला विदुर होऊन जन्म घ्यावा लागला, आणि चौदा वर्षांखालील बालकाच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा ऋषीने घालून दिली. ज्याला जाब विचारता येतो, त्यालाच दंड देण्याचा अधिकार शोभतो, असा या कथेचा आदेश मी मानतो.

म्हणून अहेरी-गडचिरोलीच्या न्यायालयांत माडिया आणि गोंडी जाणणारा प्रशिक्षित दुभाषी पहिल्या पेशीपासून, आणि आरोपीचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकून घेणारा सरकारी खर्चाचा वकील अटकेच्या दिवसापासून उपलब्ध असला पाहिजे. ही दया नव्हे. शासनाने मांडलेल्या खटल्याची ती पहिली अट आहे, आणि ती पुरी होईपर्यंत दिलेला निकाल कायदेशीर असला तरी त्याला न्याय म्हणता येणार नाही.