विद्येसाठीं कर्ज

कर्ज काढणें पाप आहे काय, असें कित्येक बंधु आम्हांस विचारतात. मुलें मोठ्या विद्यालयांत जाऊं लागल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. आमच्या मतें खरें विचारावयाचें तें निराळें: जें वचन आपण लिहून देतों, तें समजून देतों काय?

‘सरकारी कर्ज’ या नांवानेंच घोटाळा होतो. पैसा बँकेचा असतो. सरकार फार तर व्याजाचा कांहीं भार उचलतें. सन २०२४ मध्यें मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेंत, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शेंकडा ३ व्याजाची सवलत ठेविली आहे. पण ती ठरविलेल्या संस्थांपुरती, आणि शिक्षणकाळ व पुढील एक वर्ष इतकीच. तोंवर हप्ते थांबतात, व्याज थांबत नाहीं. सवलत न मिळाल्यास ४ लाखांचें शेंकडा १० दरानें चार वर्षांचें साधें व्याजच १ लाख ६० हजार होतें.

तारण लागत नाहीं हें खरें. तरी बँका बहुधा आईबापांस सहकर्जदार करतात. मुलगा नापास झाला तरी देणें उभेंच.

सरकारचें बुडालें तर कोणाचें काय गेलें, असें म्हणणारेही भेटतात. (दुःखाची गोष्ट, आमच्यांतही.) बँकेंतील पैसा ठेवीदारांचा, त्यांत एखाद्या विधवेची पुंजीही असते.

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हें प्रभूनें शिकविलेंच आहे. म्हणून उपदेशकांस आमची विनंति कीं, सहीपूर्वीं मंजुरीपत्र घरच्या सर्वांसमोर मोठ्यानें वाचावें, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यांत व किती रुपयांचा, हें मुलाकडूनच वदवून घ्यावें.