आधी रक्त, मग कागद

हिवतापाचा रोगी चोरवाटेने सरहद्द ओलांडून आला, तर आधी त्याचे कागद पाहावेत की रक्त? जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२१ रोजी चीनला हिवतापमुक्त ठरविले. तरी युनान प्रांताला म्यानमारची सरहद्द लागून आहे. पलीकडून ताप येतोच. म्हणून नियम असा: १ दिवसात रोग्याची नोंद, ३ दिवसांत चौकशी, ७ दिवसांत फैलावाचा बंदोबस्त.

कोणी म्हणेल, हा तर स्वार्थ! असेलही. आम्ही जन्मभर रुग्णसेवा केली. गोळी देणाऱ्याचा हेतू कोणा रोग्याने विचारला नाही. पण धाक घातला की रोगी लपतो. डासाला मात्र तो सापडतो, आणि ताप दहा घरी जातो. तेव्हा बंधुभगिनींनो, आधी रक्त पाहावे. शेजारधर्म तो हाच.