ताटीबाहेरचा आवाज



आजचं चिंतन संत मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांवर.

प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीत गेले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. बाहेर मुक्ताबाई. परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा आणि मुक्ताबाईंचा १२७९ चा मानतात. म्हणजे चार वर्षांनी धाकटी बहीण. ज्यांना आपण माउली म्हणतो, ते त्या दिवशी रुसलेल्या लेकरासारखे आत बसले होते आणि बाहेर धाकटी मुक्ताई आई झाली होती.

आता जरा ताटीकडे बघा. ताटी म्हणजे कामट्यांचं, काटक्यांचं हलकं दार. एक धक्का दिला तर आडवं होईल. मग मुक्ताबाईंनी तो धक्का का दिला नाही? एवढे अभंग म्हणत बाहेर का उभ्या राहिल्या?

याचं उत्तर मला गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत मिळालं. सकाळची वेळ. शेजारच्या ताई कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आल्या, वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. किल्ली आत, फोन आत. चार वर्षांची मुलगी आत, पाळण्यात अकरा महिन्यांचा मुलगा, आणि गॅसवर कुकर. शिट्टी झाली की बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येत होता.

पाच मिनिटांत मजला भरला. कुणीतरी १०१ ला फोन लावला, ते चांगलं झालं. पण बाकीचे दार बडवत होते. "कडी काढ! लॅच फिरव!" एकाच वेळी सहा जण ओरडत होते. आत मुलगी घाबरून रडायला लागली. तिला रडताना ऐकून बाळही रडायला लागलं. दोघं-तिघं खांद्याने दार तोडायला निघाले, तेव्हा ताई दारासमोर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "थांबा, ती दाराला चिकटून उभी असेल!"

हे फक्त आईलाच सुचलं.

मग त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, खाली बसल्या आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन रोजच्या आवाजात हाक मारली. "चिऊ, मी इथेच आहे गं. कुठे गेले नाही. स्वयंपाकघरात जायचं नाही हं. तुझं छोटं स्टूल आण बघू." मग एक एक गोष्ट. स्टूल दाराजवळ ठेव. वर चढ. गोल बटण धर. नळ फिरवतेस ना, तसं फिरव. दोनदा हात घसरला. तिसऱ्यांदा खट् आवाज झाला. अग्निशमन दलाची गाडी तोवर गेटपाशी पोचत होती.

आईचे हात, पाय, ताकद सगळं त्या वेळी बाहेर राहिलं होतं. आत जाऊ शकत होता तो फक्त आवाज. तोही घाबरलेला असता तर आत भीतीच पोचली असती. आपले संत कासवीचा दृष्टांत देतात. ती पिलांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही, नुसत्या नजरेने त्यांना वाढवते. त्या दिवशी नजरही पोचत नव्हती, तर ताईंनी आवाजाने लेकराला कडेवर घेतलं.

आता ताटीपाशी परत या. दार तोडून आत जाता येतं, पण दाराला चिकटून कोण उभं आहे हे बाहेरून दिसत नाही. मुक्ताबाईंना ते कळलं होतं. त्या ज्ञानदेवांना दोष देत नाहीत, "एवढं काय मनाला लावून घेतलंस" म्हणून हिणवत नाहीत. दातांनी जीभ चावली म्हणून कुणी दात पाडतं का, असं जवळचं काहीतरी विचारतात, त्यांना त्यांच्याच मोठेपणाची आठवण देतात आणि पुन्हा पुन्हा हाक मारतात. दार मात्र त्यांनाच उघडू देतात.

मंडळी, आपल्या घरातही कुणीतरी ताटी लावून बसलेलं असतं. परीक्षेत नापास झालेला भाऊ, नोकरी गेलेला मित्र, कुणाशीच न बोलणारे बाबा. आपण प्रेमापोटीच दार बडवतो. "बोल ना! काय झालंय सांग ना!" आणि आतला आणखी मागे सरकतो.

देव काय करतो? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, तेव्हा पांडुरंग दाराबाहेर विटेवर उभा राहिला. ज्याच्या शक्तीला सीमा नाही, त्याने उंबरा ओलांडण्याची घाई केली नाही. तो अजून उभा आहे.

एक गोष्ट राहिली. दार उघडल्यावर ताई दोन्ही पोरांना कवटाळून हमसून रडल्या, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "किल्ली जवळ ठेवायची ना!" लहान मुलं असलेल्यांनी जादा किल्ली शेजारी जरूर ठेवावी. पण तो सल्ला उद्या द्यावा. त्या क्षणी पाण्याचा ग्लास द्यावा.

आजची साधना: बंद दारामागचं एक माणूस आठवा. आज त्याला एकही प्रश्न विचारू नका. फक्त एवढं कळवा, "मी इथेच आहे."

राम कृष्ण हरी.